झोप आणि दार: बोरघाटातून दिसणारा स्लीपर बसचा इतिहास

संशोधनाला सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा खूप मोठा असतो. 'स्लीपर बस सुरक्षित आहेत का?' हा असाच एक प्रश्न. एखादा मोठा अपघात झाला की आठवडाभर सगळीकडे तो विचारला जातो, आणि मग पुढच्या अपघातापर्यंत विसरला जातो. प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही, आणि त्यावरून काय मोजायचं हेही कळत नाही.

अशा वेळी मला उपयोगी पडणारी एक युक्ती सांगतो. मोठा प्रश्न एका जागेवर नेऊन ठेवायचा आणि त्या जागेचा इतिहास वाचायचा. आज आपण हा प्रश्न रायगडच्या आतल्या भागात, कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत नेऊया. कारण साधं आहे. घाटावरून मुंबईकडे उतरणारी रेल्वे कर्जतला खाली येते आणि रस्ता खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला. चढ तोच, डोंगर तोच, गुरुत्वाकर्षण तेच. पण झोपलेल्या प्रवाशाला या उतारावरून खाली आणण्याची रेल्वेची पद्धत आणि रस्त्याची पद्धत यांत फार मोठा फरक पडला. स्लीपर बसचा प्रश्न मला त्या फरकात दिसतो.

खोपोलीला तुटणारा प्रवास

बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता १८३० मध्ये खुला झाला. जीआयपी रेल्वे १८५६ मध्ये पळसदरीहून खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे डोंगर होता. १८५८ मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. म्हणजे १८५८ ते १८६३ अशी पाच वर्षं मुंबई-पुणे प्रवास मधोमध तुटलेला होता. खोपोलीला उतरायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा रेल्वेत बसायचं.

१८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पूर्ण झाला. साधारण १६ मैलांत १,८३१ फूट चढ आणि सगळ्यात कठीण ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट इतका उतार. रेल्वेच्या मानाने हा उतार भयंकर आहे. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात घर्षण कमी, त्यामुळे गाडी एकदा हाताबाहेर गेली की थांबवायला फार काही उरत नाही.

घाटाने रेल्वेला शिकवलेली शिस्त

इथे थोडं गणित करू. १५ टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर तिच्या स्थितिज ऊर्जेतून सुमारे ७३ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेत सुमारे २३० लीटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. काही भाग हवेच्या आणि चाकांच्या रोधात जातो. उरलेली ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक नीट लागत नाही.

रेल्वेने यावर तीन उपाय केले. पहिला म्हणजे थांबा. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी उतरणारी गाडी थांबलीच पाहिजे, असा नियम झाला. दुसरा म्हणजे कॅच सायडिंग. मुख्य मार्गापासून फुटून वर चढत जाणारा हा एक आडमार्ग असतो. सांधा एरवी या आडमार्गाकडेच लावलेला असतो. गाडी नियमाप्रमाणे थांबली तरच तो मुख्य मार्गाला जोडला जातो. गाडी थांबली नाही, तर ती आपोआप आडमार्गावर जाते आणि चढावर तिचा वेग मरतो. तिसरा उपाय विजेबरोबर आला. १९२९ च्या सुमारास या घाटात विजेची इंजिनं आली आणि उतरताना निर्माण होणारी वीज परत तारेत सोडता येऊ लागली. कर्जतला चढणाऱ्या गाडीला मागून जोडली जाणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, हाही याच शिस्तीचा भाग. घाटातल्या प्रवाशाला ती आजही ओळखीची आहेत.

या व्यवस्थेचं मूळ गृहीतक नीट बघा: ब्रेक निकामी होऊ शकतो, माणूस चुकू शकतो. कॅच सायडिंगचा सांधा 'गाडी हाताबाहेर गेली आहे' असं धरूनच लावलेला असतो. चालक सांगतो म्हणून नाही, गाडी प्रत्यक्ष थांबली म्हणून वाट मिळते. आणि हे शक्य झालं, कारण रूळ, डबा, इंजिन, चालक आणि वेळापत्रक हे सगळं एकाच संस्थेच्या हातात होतं.

झोपायची सोय

रात्रीच्या प्रवासात आडवं होता यावं, ही कल्पनाही रेल्वेकडूनच आली. आपल्याकडे ती बराच काळ पैसेवाल्यांपुरती होती. खालच्या वर्गातल्या प्रवाशाला बर्थ मिळाला तरी तो लाकडी फळीचा असायचा. १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. राजापूर मतदारसंघातून निवडून आलेले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयान डब्यांतल्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला सुरुवात केली. दोन इंच म्हणजे फार नाही, पण तेवढ्याने लाखो लोकांची रात्र बदलली. आराम ही चैन नसून प्रवाशाचा हक्क आहे, असा त्याचा अर्थ होता.

रस्त्यावरची झोप मात्र वेगळ्या वाटेने आली. १९२८ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पिकविक कंपनीने 'नाइट कोच' आणली. २६ प्रवासी, १३ कप्पे, एकावर एक रचलेले. इंग्लंडमध्येही त्याच सुमारास असे प्रयोग झाले. ते फार टिकले नाहीत.

महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. रात्रीच्या लांब पल्ल्यासाठी पुढे 'रातराणी' आली. तीत झोप मिळायची ती बसल्या बसल्या, मान एका बाजूला टाकून. १९८० च्या दशकात खासगी 'लक्झरी' आणि 'व्हिडिओ कोच' गाड्या वाढल्या. टू बाय टू, पुशबॅक, मग स्लीपर, असा तो प्रवास आहे.

या वाढीमागे दोन गोष्टी आहेत. एक कायद्याची. टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेत जाण्याचा परवाना मुख्यतः एसटीकडे, त्यामुळे खासगी गाड्या कंत्राटी वाहतुकीच्या आणि पर्यटन परवान्याच्या वाटेने वाढल्या. अशा गाडीचं गणित प्रत्येक फेरीत किती जागा भरल्या आणि डिकीत किती पार्सल गेलं यावर चालतं. दुसरी गोष्ट तंत्राची. जुनी गाडी पाट्यांच्या स्प्रिंगवर चालायची आणि इंजिन पुढे चालकाशेजारी धडधडायचं. त्यात झोपणं अवघडच. २००१ मध्ये मागे इंजिन असलेल्या, हवेच्या सस्पेन्शनच्या व्होल्वो बस भारतात आल्या. २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. गाडी मऊ झाली, रस्ता गुळगुळीत झाला, आणि रस्त्यावर खरोखर झोप लागू लागली.

म्हणजे रेल्वेची झोप बसमध्ये आली. पण रेल्वेची शिस्त तिच्याबरोबर आली का?

२.६ मीटरचं गणित

मोटार वाहन नियमांनुसार बसची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. दोन एक्सलच्या बसची लांबी बराच काळ १२ मीटरला बांधलेली होती. आता कागद घ्या आणि स्लीपर बस स्वतः आखून बघा.

भिंतींची जाडी वजा केली की आत साधारण २.३ ते २.४ मीटर रुंदी उरते. एका बाजूला दोन माणसांचा डबल बर्थ, दुसऱ्या बाजूला एकाचा सिंगल. माणसी ६० सेंटिमीटर धरले तर १.८ मीटर गेले. पडदे, कठडे, फळ्या यांची जागा सोडली की मधल्या वाटेला उरतात साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर. लांबीत चालकाची जागा आणि दार सोडून सुमारे १० मीटर. १.८ मीटरचा एक बर्थ, म्हणजे पाच रांगा. पाच रांगा, प्रत्येकी तीन माणसं, वर-खाली दोन मजले: ३० प्रवासी. बाजारात ३० बर्थच्या गाड्या का दिसतात, हे कोणालाही न विचारता कळलं.

आता हाच आकडा दाराच्या बाजूने बघा. शयनयान वर्गाच्या जुन्या रेल्वे डब्यात ७२ बर्थ आणि चार दारं, दोन्ही टोकांना आणि दोन्ही बाजूंना. म्हणजे एका दारामागे १८ माणसं. बसमध्ये नेहमीचं दार एक, डावीकडे पुढे. एका दारामागे ३० माणसं. आपत्कालीन दार, खिडक्या, छतातली झडप हे सगळं वेगळं असतं, पण ते झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला अंधारात सापडायला हवं.

वरच्या बर्थचा दोष किती?

'वर माणसं झोपवली म्हणून गाडी उलटते' असं नेहमी म्हटलं जातं. तपासून बघू. वरच्या मजल्यावर १५ माणसं, प्रत्येकी ६५ किलो, म्हणजे जवळपास १ टन. ती खालच्या बर्थपेक्षा सुमारे ०.९ मीटर उंच आहेत. गाडीचं एकूण वजन १५ टन धरलं तर गुरुत्वमध्य फक्त ६ सेंटिमीटर वर सरकतो. त्यातही बसून जाणाऱ्या बसमध्ये ४५ माणसं असतात आणि इथे ३०.

आता १ टन पार्सल डिकीऐवजी टपावर ठेवा. ते सुमारे २.६ मीटर वर गेलं. गुरुत्वमध्य १७ सेंटिमीटरने वर सरकला, म्हणजे जवळपास तिप्पट. हे ढोबळ आकडे आहेत, खऱ्या गाडीत सस्पेन्शन झुकतं, टायर दबतात. पण दिशा स्पष्ट आहे. उलटण्याच्या बाबतीत वर झोपलेल्या प्रवाशापेक्षा टपावरचं पार्सल जास्त घातक आहे.

मग स्लीपरचा खरा धोका कुठे आहे? माझ्या मते गाडी उलटल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत.

आडवी झालेली बस

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी स्लीपर बस उलटली आणि पेटली. २५ जणांचा मृत्यू झाला. बस डाव्या अंगावर पडली होती, म्हणजे दार खाली दबलं. जे वाचले त्यांच्यातले काही काच फोडून बाहेर आले. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईला जाणारी बस ट्रकशी टक्कर होऊन पेटली, त्यात १२ जण गेले.

डाव्या अंगावर पडलेली स्लीपर बस डोळ्यांसमोर आणा. ४५ सेंटिमीटर रुंदीची वाट आता ४५ सेंटिमीटर उंचीची फट झाली आहे. डावीकडचे बर्थ खाली खड्ड्यासारखे, उजवीकडचे डोक्यावर माळ्यासारखे. उजव्या खिडक्या छत झाल्या आहेत, जमिनीपासून अडीच मीटरवर. पडदे लोंबतायत, फळ्या तुटल्यात. फोम, रेक्झिन, प्लायवूड हे सगळं जळणारं सामान आहे. बसून जाणाऱ्या बसमध्ये सीटच्या वरची अर्धी जागा मोकळी असते, तीतून माणूस सरपटू शकतो. स्लीपरमध्ये ती मोकळी जागाच आपण विकलेली असते.

हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. पडदा, कप्पा, कठडा, मऊ गादी, बंद काचेची एसी खिडकी: यातली प्रत्येक गोष्ट झोपेसाठी चांगली आणि बाहेर पडण्यासाठी वाईट आहे. आराम आणि सुरक्षितता हे इथे दोन वेगळे विषय नाहीत. एकाच फळीचे ते दोन गुण आहेत, आणि ती फळी कुठे ठोकायची हे कोणीतरी ठरवतं.

कोण ठरवतं? रेल्वेत याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. बसमध्ये चासी एका कंपनीची, बॉडी अनेकदा दुसऱ्या गावातल्या बॉडी बिल्डरची, मापं मालकाच्या मागणीप्रमाणे, नोंदणी आरटीओत, पार्सल बुकिंग एजंटकडे आणि ब्रेक चालकाच्या पायाखाली. एसटीच्या दापोडीसारख्या स्वतःच्या कार्यशाळा आहेत, तिथे निदान बांधणारा आणि चालवणारा एकच असतो. नियम नाहीत असं नाही. बस बॉडीसाठी एआयएस-०५२, स्लीपरसाठी खास एआयएस-११९, इंजिनाच्या कप्प्यातली आग ओळखून विझवण्याच्या यंत्रणेसाठी एआयएस-१३५ अशी मानकं आहेत. ती प्रसिद्ध करणारी एआरएआय संस्था पुण्यात आहे, म्हणजे याच घाटाच्या वर. पण मानक नमुन्याच्या गाडीला लागतं. नंतर वाढवलेला बर्थ, बंद केलेली झडप, टपावरचा कॅरिअर हे रस्त्यावर कोण बघतं?

परत खोपोलीला

१५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, शिंग्रोबाच्या मंदिराजवळ एक खासगी बस दरीत कोसळली. पुण्याहून कार्यक्रम करून मुंबईला परतणारं वादक पथक तीत होतं. १३ जणांचा मृत्यू झाला. शिंग्रोबा म्हणजे इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी आख्यायिका आहे. ती बस स्लीपर नव्हती, म्हणून तिचा दोष स्लीपरवर टाकता येणार नाही. तरी ती इथे महत्त्वाची आहे, वेळेमुळे.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याहून रात्री दहा-अकराला निघालेली मुंबईची गाडी बोरघाटात पोचते ती साधारण पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. माणसाची सावधता सगळ्यात कमी असण्याचे हेच तास. म्हणजे प्रवाशाला 'रात्रभर झोपा, सकाळी कामावर हजर व्हा' हे आश्वासन देणारं वेळापत्रक चालकाला सर्वांत अवघड उतारावर सर्वांत झोपाळू वेळी आणून सोडतं. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये झाला, त्यात दिवसाला आठ तास कामाची मर्यादा घातली होती. पण ते आठ तास दिवसाच्या कोणत्या भागात पडतात, हे वेळापत्रक ठरवतं. रेल्वेने याच डोंगरात 'चालक चुकेल' असं धरून सांधा लावला. रस्त्यावर आपण 'चालक चुकणार नाही' असं धरून तिकीट काढतो.

आणि चूक झाली की दोर घेऊन दरीत उतरतात ते खोपोली परिसरातले गिर्यारोहक, स्वयंसेवक आणि गावकरी. या तालुक्यांना तो अनुभव वर्षानुवर्षांचा आहे.

बंदी हा उपाय आहे का?

चीनमध्ये स्लीपर बस भरपूर होत्या. जुलै २०११ मध्ये हनान प्रांतात एका स्लीपर बसला आग लागून ४१ जण गेले. २०१२ मध्ये तिथे नव्या स्लीपर बसची नोंदणी थांबवली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शान्शी प्रांतात स्लीपर बस मिथेनॉलच्या टँकरवर आदळून ३६ जण गेले. जुन्या गाड्या अजून रस्त्यावर होत्याच. यातला धडा फक्त बंदीचा नाही. हनानची आग बसमधून बेकायदा नेल्या जाणाऱ्या ज्वालाग्राही रसायनांमुळे लागली होती. म्हणजे प्रश्न पुन्हा पार्सलवर येतो.

शिवाय चीनकडे वेगवान रेल्वेचं जाळं वाढत होतं. आपल्याकडे आयत्या वेळी गावी जाणाऱ्या, आरक्षण न मिळालेल्या, सकाळी परीक्षेला किंवा मुलाखतीला पोचायचं असलेल्या माणसाला स्लीपर बस ही बऱ्याचदा एकमेव सोय असते. तुमच्यापैकी अनेकजण सेट-नेटच्या केंद्रावर अशाच बसने गेला असाल. म्हणून मला 'बंदी की परवानगी' यापेक्षा 'कोणती रचना' हा प्रश्न जास्त उपयोगाचा वाटतो.

संशोधनासाठी तीन छोटे प्रश्न

सुरुवातीचा मोठा प्रश्न आता फोडता येतो.

एक, बाहेर पडण्याचा वेळ. उभ्या असलेल्या ३० बर्थच्या बसमधून दिव्यात, अंधारात आणि पुढचं दार बंद ठेवून माणसं बाहेर पडायला किती सेकंद लागतात? पडदे असताना आणि नसताना किती फरक पडतो? भौतिकशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे मोजता येईल. मात्र स्वयंसेवकांची लेखी संमती, मार्गदर्शकांची आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या.

दोन, ब्रेकचं तापमान. खंडाळा ते खोपोली उतरताना इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेक ड्रमचं तापमान खाली पोचल्यावर किती असतं? इन्फ्रारेड थर्मामीटर महाग नाही. पण मोजणी थांबलेल्या गाडीवरच करायची, रस्त्याच्या कडेला उभं राहून नाही.

तीन, निर्णयाचा इतिहास. एखाद्या जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत नोंदलेल्या स्लीपर बसच्या बॉडी कोणी बांधल्या आणि नंतर त्यांत काय बदल झाले? इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी हा विषय मोकळा आहे. आरटीओतल्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात, आणि बॉडी बिल्डिंगच्या कारागिरांच्या मुलाखती घेता येतात. हे कारागीर वयस्कर होत चाललेत, त्यामुळे हे काम लवकर हाती घेतलेलं बरं.

तिन्हींत एक पथ्य पाळा. अपघाताच्या बातमीतला पहिला आकडा आणि पहिलं कारण यांवर विसंबू नका. मृतांचा आकडा नंतर बदलतो आणि 'टायर फुटला' हे कारण बऱ्याचदा तपास सुरू होण्याआधी छापलं जातं. तपास अहवाल येईपर्यंत वहीत कारणाचा रकाना रिकामा ठेवा. पुढच्या वेळी स्लीपरने जाल तेव्हा झोपण्यापूर्वी आपल्या बर्थपासून आपत्कालीन दार कितवं आहे ते हाताने चाचपडत मोजा, आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे का तेही बघा. संशोधनाचा पहिला आकडा तिथेच मिळेल.